गल्ल्यातून उचल की महिन्याचा पगार?

दुकान स्वतःचं असलं की घरखर्चाला पैसे काढायच्या दोनच तऱ्हा, लागेल तसे गल्ल्यातून उचलायचे नाहीतर ठरलेल्या तारखेला स्वतःला पगार द्यायचा. माझं गोव्यात म्हापशाला टू-व्हीलर स्पेअर पार्टचं दुकान, पहिली ९ वर्षं गल्ला आणि गेली ३ वर्षं पगार, दोन्ही भोगून झालंय.

गल्ल्याची पद्धत लोक म्हणतात तेवढी वाईट नाही हां. आपल्याकडे धंदा सीझनवर. ऑक्टोबर ते मार्च रेंटच्या स्कूटरवाले ब्रेक शू, केबल, ट्यूब न्यायला रांग लावतात आणि जूनमध्ये पाऊस लागला की त्याच स्कूटर ताडपत्रीखाली, मग उरतात ते पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, आणि गावचं गिऱ्हाईक. गल्ल्यात नाही तर घेतलं नाही, विषय संपला, एन्ट्री नाही की ट्रान्सफर नाही.

टॅक्सचं म्हणाल तर प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्याला, दोन्ही सारखंच. मालकाचा पगार खर्चात धरतच नाहीत, ती उचलच, टॅक्स नफ्यावर लागतो मग घरी १० हजार न्या की ४० हजार. पार्टनरशिपमध्ये काम करणाऱ्या पार्टनरचा पगार डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, लिहिलेला असेल तर मर्यादेपर्यंत खर्चात जातो, ते सीएला विचारा.

मग मी का बदललो? रात्री शटर ओढायच्या आधी गल्ला मोजायचो आणि कधी ३०० कमी, कधी साडेचारशे. काउंटरला एक मुलगा होता. त्याला तोंडाने कधी काही बोललो नाही, पण त्याच्यादेखत नोटा दोनदा मोजायचो, ते बोलण्यापेक्षा वाईट. एका शुक्रवारी, बाजाराचा दिवस, सरळ ५०० कमी. डोकं फिरलेलं तसाच घरी गेलो तर ताटात इसवण, म्हणजे सुरमई. दुपारी मीच नोट काढून बायकोच्या हातात ठेवली होती आणि गर्दीत पार विसरलो. त्याआधीच्या किती रात्री अशाच गेल्या असतील देव जाणे. मुलगा दोन महिन्यांनी दुसरीकडे लागला, कारण त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हापासून पगार. आकडा डिसेंबर बघून नाही, जुलै बघून ठरवला. ५ तारखेला दुकानाच्या करंट खात्यातून घरच्या सेव्हिंगला जातो आणि क्यूआरही दुकानाच्याच खात्याचा लावला. सीझनचं जास्तीचं तिथेच पडून राहतं, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी एकदा काढतो, बाजार, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान, फटाके सगळं त्यात. आणि एक कळलं, माझा पगार वजा केल्यावर हेल्मेटच्या रॅकमधून काहीच सुटत नव्हतं, नुसती जागा अडवून होता, काढून टाकला.

त्रास आहेच. पहिले चार-पाच महिने २० तारखेलाच घरचे पैसे संपायचे, बायको म्हणायची मालक कसले, तुम्ही तर नोकरच. दुकानाला वर्ष झालं नसेल, माल भरण्यातच पैसे जात असतील तर मोठा आकडा लावू नका, २-३ हजारच लावा पण तारीख चुकवू नका, असं आपलं मला वाटतं, तुमचा धंदा तुम्हाला जास्त माहीत.

मासळीचे पैसे आता माझ्या पाकिटातून जातात. गल्ल्याची चावी नवीन मुलाकडे असते.