चक्रीवादळ की वळीव? आधी काय आवरायचं

टीव्हीवर चक्रीवादळाची बातमी लागली की गावात सगळे पत्र्यांवर दगड ठेवायला धावतात. मराठवाड्यापुरतं माझं मत उलटं आहे. पत्र्यांची काळजी एप्रिल-मेच्या वळवात करावी. बंगालच्या उपसागरातून वादळ निघालं, तर आधी नदीकाठची पाण्याची मोटार आणि सोयाबीनची गंजी हलवावी.

चक्रीवादळात समुद्रावरची दमट हवा चारी बाजूंनी केंद्राकडे ओढली जाते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने वळते. केंद्र जवळ येईल तसा तिचा वेग वाढत जातो. मधल्या केंद्राला ‘डोळा’ म्हणतात, त्याच्याभोवती ढगांची भिंत असते. सगळ्यात जोराचा वारा तिथला, आणि हवा वर चढते तीही तिथेच. खुद्द डोळ्यात हवा खाली उतरते, म्हणून तिथे जवळजवळ शांत असतं. हे सगळं चालतं 26-27 अंशांहून कोमट पाण्याच्या वाफेवर. किनारा ओलांडला की ती रसद तुटते आणि जमिनीला घासून वारा मंदावतो. आपल्यापर्यंत डोळा पोचत नाही, पण ओल पोचते.

‘गुलाब’ 26 सप्टेंबर 2021 ला आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं. दोनच दिवसांत त्याचा उरलेला कमी दाब मराठवाड्यावर आला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. नुकसान केलं ते पाण्याने.

वळवाचा मामला अगदी वेगळा. तापलेल्या जमिनीवरून हवा उभी चढते, दुपारनंतर ढग माजतो. पावसाचे थेंब खालच्या कोरड्या हवेत आटतात, ती हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे सुटते. म्हणून आधी धूळ, गार झोत, मग टपोरे थेंब, कधी गारा. पाच-दहा मिनिटांचा खेळ. शेजारच्या शिवारात पानही हलत नाही. पत्रे उडायला तेवढं पुरतं.

कमी दाब आलेला असताना वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. वळवात ही खूण लागू पडत नाही.

ताडपत्री एकच असेल तर सप्टेंबरात ती गंजीवर टाका, पण गंजी आधी चढावर न्या. खोलगटात ताडपत्री असूनही ती खालून भिजते. मेमध्ये पत्र्यांचे हुक आवळा, उतरण्याजोगा केशर आंबा उतरवून घ्या, आणि ढग काळवंडताच झाडाखालची जनावरं सोडून गोठ्यात आणा, कारण उंच झाडावर वीज पडण्याचा धोका जास्त असतो.