फाशांचा एकच खेळ घ्यायचा तर कुठला? कॅटन, किंग ऑफ टोकियो, याट्झी आणि बाकीची मंडळी

मेव्हण्याचा परवा फोन आला. म्हणाला, "दाजी, पावसानं शाळेला सुट्टी पडली की पोरं दिवसभर मोबाईल घेऊन बसत्यात, लुडो सोडून फाशांचा कुठलातरी बरा खेळ सांगा, पण एकच सांगा, दोन नाही घेणार." आता एकच म्हटल्यावर जबाबदारी आली की. त्याचं घर कोल्हापुरात राजारामपुरीत, घरात सहा माणसं. सासूबाई, सासरे, तो, त्याची बायको, 14 वर्षांची पोरगी आणि 8 वर्षांचा पोरगा, जो हरायला लागला की पट उधळतो. जुलै-ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट (इशारा) झाली का 43 (धोका) झाली एवढं बघण्यापलीकडं ह्या लोकांना संध्याकाळी काही काम नसतं, आणि लाईट गेली की तेही नाही. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच जरा नीट लिहितोय, कारण हाच प्रश्न आणखी दोघातिघांनी विचारलाय.

मी खेळ निवडताना एकच गोष्ट बघतो, दान पडल्यावर तुमच्या हातात काय उरतं. सापशिडीत काहीच उरत नाही, फासा सांगेल तिकडं जायचं, साप गिळेल तर गिळू द्यायचा. तुमच्या जागी घरातली मांजर फासा ढकलत बसली तरी निकाल तोच लागणार. लुडोत थोडं उरतं, कुठली सोंगटी चालवायची एवढं, पण ते सुद्धा सहा पडल्यावर. आणि दहा वेळा फासा टाकूनही एकदा सुद्धा सहा न पडण्याची शक्यता जवळपास 16 टक्के आहे, म्हणजे सहा जण खेळायला बसले (आता सहा जणांचे लुडो पण मिळतात) तर सरासरी एक जण दहा डाव नुसता बघतच बसणार, आणि आमच्या घरी तो मीच असतो. सारीपाट ह्याच्या पुष्कळ पुढं होता, डोकं जास्त लागायचं. खंडोबा सारीपाटात म्हाळसेकडून हरला आणि बारा वर्षं घर सोडून बाणाईच्या मेंढ्या राखायला गेला ही कथा ऐकली असेलच. पण आज घरात तो पट, ते लांबडे फासे आणि शिकवणारं माणूस तिन्ही एकदम सापडणं अवघड, म्हणून तो बाजूला ठेवू.

व्यापार पण बाजूलाच. सगळ्यांकडं एक असतोच, आणि तीन तास चालून शेवटी एकजण रडतो हे पण सगळ्यांना माहीत आहे. एक सांगतो मात्र, मूळ मोनोपॉलीच्या नियमात तुम्ही ज्या घरावर आला ते विकत घेतलं नाही तर लगेच लिलाव करायचा असतो, आपल्याकडं कुणीच करत नाही, आणि खेळ लांबायचं ते एक मोठं कारण आहे. नवीन काही घ्यायचं नसेल तर निदान हे करून बघा.

रिस्क लवकर उरकतो, कारण तो मी मेव्हण्याला सांगितलाच नाही. जगाचा नकाशा, 42 प्रदेश, सैन्य गोळा करायचं आणि शेजाऱ्यावर चालून जायचं. हल्ला करणारा तीन फासे टाकतो, बचाव करणारा दोन, सगळ्यात मोठा फासा सगळ्यात मोठ्याशी लावायचा, बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकला. गणित तसं हल्लेखोराच्या बाजूनं आहे, तीनास दोन असताना दोन्ही सैनिक मारायची शक्यता 37 टक्के आणि स्वतःचे दोन्ही गमवायची 29. पण इथं निर्णय आधी आणि फासा नंतर. तुम्ही अर्धा तास डोकं लावून फौज उभी करायची आणि मग तीन एक्के पडले की सगळं मातीत. त्यामुळं राग फाशावर येत नाही, समोरच्यावर येतो. कॉलेजच्या चार मित्रांत, रात्रभर जागायची तयारी असेल तर लई भारी, सासऱ्यांबरोबर नको.

आता खरी टक्कर, कॅटन की किंग ऑफ टोकियो. कारण दुकानात किंवा ऑनलाईन विचारलं की हीच दोन नावं आधी पुढं येतात आणि दोघांचे खोके महाग वाटतात, मग माणूस अडकतो.

कॅटन जर्मनीचा, 1995 चा. क्लाउस टॉयबर नावाच्या माणसानं बनवला, हा मूळचा दातांच्या कवळ्या-बिवळ्या बनवणाऱ्या लॅबवाला. 19 षटकोनी तुकडे जोडून बेट बनवायचं, त्यावर आकडे ठेवायचे आणि दोन फासे टाकले की ज्या आकड्याचा तुकडा त्यातून माल निघतो, लाकूड, वीट, मेंढी, गहू, खनिज. ज्याची वस्ती त्या तुकड्याला लागून आहे त्याला माल मिळतो, फासा कुणीही टाकलेला असो. ही गोष्ट मला कॅटनमध्ये सगळ्यात आवडते, दुसऱ्याच्या डावात पण तुमचं लक्ष फाशावरच असतं, चहा आणायला कोण उठत नाही. आणि दोन फाशांचं गणित पोरांना न शिकवता कळतं. 36 प्रकारे दोन फासे पडतात, त्यातले 6 प्रकार सातचे, 5-5 सहा आणि आठचे, दोन आणि बाराचा फक्त एकेक. म्हणून सहा आणि आठ लाल रंगात छापलेले असतात, तिथं वस्ती करायला झुंबड उडते. सात पडलं की माल नाही, उलट दरोडेखोर हलवायचा आणि ज्याच्या हातात मालाचे सातपेक्षा जास्त पत्ते त्यानं निम्मे टाकायचे. साठवून ठेवणाऱ्याला तो बरोबर दणका बसतो.

पण कॅटनचा जीव फाशात नाही, सौद्यात आहे. माझ्याकडं दोन मेंढ्या, तुझ्याकडं एक वीट, देतोस का. मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. माझी बायको एका विटेसाठी तीन मेंढ्या काढून घेते आणि वर उपकार केल्यासारखी बघते. आधी 10 गुण करेल तो जिंकला, तास-दीड तास लागतो. वाईट काय, तर सुरुवातीला वस्ती चुकीच्या जागी पडली की पुढचा पाऊण तास तुमचे आकडे येतच नाहीत, हात रिकामा, सौदा करायलाही माल नाही, बसा बघत. आणि सगळ्यात मोठी अडचण, मूळ खोका तीन किंवा चार जणांचा. पाच-सहा जणांसाठी वेगळा जोड खोका घ्यावा लागतो, तो एकटा चालत नाही, म्हणजे पैसे दोनदा आणि वेळ पण वाढतो. 8 वर्षांच्या पोराला सौदा जमतो पण धीर निघत नाही, खोक्यावर पण वय 10 च्या पुढचं दिलेलं असतं.

किंग ऑफ टोकियो उलटा. 2011 चा, रिचर्ड गारफील्डचा, म्हणजे ज्यानं मॅजिक नावाचा पत्त्यांचा प्रसिद्ध खेळ काढला तोच. तुम्ही एक राक्षस, समोर बाकीचे राक्षस, मध्ये टोकियो. सहा मोठे फासे, त्यावर 1, 2, 3, पंजा, बदाम आणि वीज. टाका, हवे ते ठेवा, बाकीचे परत टाका, असं मिळून तीनदा टाकता येतं. एकसारखे तीन आकडे आले की गुण, पंजा म्हणजे मार, बदाम म्हणजे जीव परत, विजेनं पत्ते विकत घ्यायचे. 20 गुण करा नाहीतर शेवटपर्यंत जिवंत रहा. मजा टोकियोत आहे, तिथं जो बसलाय त्याचा पंजा बाहेरच्या सगळ्यांना एकदम लागतो आणि बाहेरच्या सगळ्यांचे पंजे आतल्याला. शिवाय आत असताना बदामाच्या फाशांनी जीव भरत नाही. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात मधोमध शड्डू ठोकून उभं रहायचं आणि जोडीला एक नाही, सगळं मैदान अंगावर घ्यायचं असा प्रकार. मार बसला की बाहेर पळायची मुभा आहे, आणि "पळतोय का रं?" असं सगळे ओरडत असताना पोरगा जिद्दीनं आतच बसतो आणि मरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

इथं फासा आधी आणि निर्णय नंतर. म्हणजे नशीब भरपूर आहे, कॅटनपेक्षा जास्तच, पण प्रत्येक टाकीला काय ठेवू काय टाकू हे तुम्ही ठरवताय, त्यामुळं हरलो तरी आपण काहीतरी करून हरलो असं वाटतं. नियम दहा मिनिटांत समजतात, अर्ध्या तासात डाव संपतो, सहा जण बसतात. तोटे दोन. पहिला, जो मेला तो बाहेर, आणि तो नेमका 8 वर्षांचा असेल तर पंधरा मिनिटं त्याला सांभाळायचं काम कुणाच्यातरी गळ्यात. आम्ही मेलेल्याला बाकीच्यांचे फासे गोळा करून द्यायचं काम लावतो, चालतं. दुसरा, पत्त्यांवर इंग्रजीत मजकूर आहे, सासूबाईंना प्रत्येक पत्ता वाचून सांगावा लागेल. कॅटनला ही भानगड कमी, तिथं बरंचसं चित्रावरच चालतं.

दोघं असाल तर यातला कुठलाच घेऊ नका. नवराबायको असाल, किंवा निवृत्त सासऱ्यांना दुपारी कुणीतरी जोडीदार पाहिजे असेल तर याट्झी बघा, आणि तो विकत पण घ्यायची गरज नाही. पाच साधे फासे आणि वहीचं पान, झालं. तीनदा टाकायचं, मधे हवे ते राखायचे, आणि 13 रकान्यांपैकी एकात गुण लिहायचे, प्रत्येक रकाना एकदाच. तीन फासे एका आकड्याचे आणि दोन दुसऱ्या आकड्याचे असे जुळले तर 25, ओळीनं चार आकडे (लहान सलग) 30, ओळीनं पाच (मोठी सलग) 40, पाचही सारखे तर 50. वरच्या सहा रकान्यांत मिळून 63 झाले की 35 बक्षीस. पाचही सारखे एका डावात पडायची शक्यता साडेचार टक्क्यांच्या जरा वर आहे, म्हणून त्याच्या मागं लागून बाकीची पाटी कोरी ठेवणारा हमखास हरतो. सासऱ्यांसारखा बेरजेचा शौक असलेला माणूस यात रमतो. पण सहा जणांत नका खेळू, 13 गुणिले 6 म्हणजे 78 डाव, आणि दुसऱ्याच्या डावात तुम्हाला करण्यासारखं काहीच नाही.

ह्यावर उतारा म्हणजे क्विक्स, दोन पांढरे आणि चार रंगीत फासे, पांढऱ्या दोघांची बेरीज प्रत्येकाला वापरता येते, त्यामुळं कोणीच रिकामं बसत नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत संपतो. छान आहे, पण पाचच जण बसतात, सहाव्याला कुठं पाठवणार. शिवाय कागद संपतात, झेरॉक्स काढून ठेवावी लागते.

आणि आता माझा लाडका, कान्ट स्टॉप. सिड सॅक्सन नावाच्या अमेरिकन माणसाचा, 1980 चा. खोका नाही मिळाला तरी कार्डशीटवर घरी करता येतो. 2 ते 12 असे अकरा रस्ते काढायचे, 2 आणि 12 ला तीन-तीन घरं, 3 आणि 11 ला पाच, असं दोन-दोन वाढवत 7 ला तेरा. चार फासे टाकायचे, त्यांच्या दोन जोड्या लावायच्या, त्या बेरजांच्या रस्त्यावर पुढं जायचं. एका डावात तीनच रस्ते धरता येतात. पाहिजे तितक्या वेळा टाका, पण तुमच्या रस्त्याची एकही बेरीज लागली नाही की त्या डावातली सगळी कमाई गेली. थांबलात तर तेवढं पक्कं. तीन रस्ते आधी पूर्ण करेल तो जिंकला. 6-7-8 धरले असतील तर पुढची टाकी वाचायची शक्यता 92 टक्के, 2-3-12 मध्ये अडकलात तर 44 सुद्धा नाही. हे आकडे माहीत असूनही हात थांबत नाही, हीच तर गंमत. मूळ खेळ चार जणांचा आहे, पण आम्ही जोड्या करून सहा जण खेळतो आणि "थांब की आता!" म्हणून जोडीदारावर ओरडायचा कार्यक्रम वेगळाच होतो. सासूबाईंना एकही अक्षर वाचावं लागत नाही. मागच्या गणपतीत त्यांनी सातच्या रस्त्यावर सलग नऊ वेळा टाकलं आणि दहाव्याला सगळं घालवलं, आणि परत म्हणाल्या, "पडायचंच हुतं ते."

फासे घेताना एक बघा. स्वस्त सेटमधले फासे कधीकधी एकीकडं जड असतात, मला एका ऑनलाईन दुकानातून आलेल्या पाचातला एक सारखा दोनच दाखवायचा. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळेल तेवढं विरघळवा, हलका प्लास्टिकचा फासा त्यात तरंगतो, टिचकी मारून फिरवत रहा, दर वेळी एकच बाजू वर आली तर तो फासा पोराला खेळायला देऊन टाका. आणि टाकायला साडीच्या खोक्याचं झाकण घ्या, आत रुमाल पसरा, कपाटाखाली कोणी शिरायला लागत नाही.

एवढं सगळं ऐकून मेव्हणा म्हणाला, "म्हणजे कॅटन नको?" नको. तुम्ही सहा जण आहात आणि एक 8 वर्षांचा आहे. पोरगा बारा-तेराचा झाला, पोरगी कॉलेजला गेली की चौघांत कॅटन आण, तेव्हा सौद्याला खरी धार येईल. आत्ता किंग ऑफ टोकियो मागव, आणि तो येईपर्यंत चार दिवस जातील तोवर महाद्वार रोडला गेलास की कान्ट स्टॉपसाठी चार फासे, एक कार्डशीट आणि सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं घेऊन ये, रस्ते मी आखून देतो. तर म्हणतो, "बटणं कशाला दाजी, आईच्या डब्यात आहेत की ढीगभर." त्या डब्याला हात लावायचा तर आधी आईला विचार म्हटलं.