गच्चीवरच्या वेलभाज्यांसाठी फळमाशी सापळ्याचा संच : एका उन्हाळ्याचा अनुभव

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर मी गेली सहा वर्षे जानेवारीअखेर दोडका, दुधी, कारले आणि काकडी लावतो. वेल मांडवावर चढतात, फुले येतात, बोटाएवढी फळे धरतात आणि त्यानंतर निम्म्याहून अधिक फळे पिवळी पडून गळतात किंवा आतून सडतात, हा दरवर्षीचा ठरलेला क्रम होता. या वर्षी त्यावर उपाय म्हणून एका कृषी सेवा केंद्रातून परसबागेसाठी म्हणून विकला जाणारा संच साडेचारशे रुपयांना घेतला. त्यात फळमाशीचा प्लास्टिकचा सापळा, त्यात अडकवायचे दोन ल्यूर (माशीला ओढणाऱ्या आमिषाच्या वड्या), पाच पिवळी चिकट कार्डे आणि शंभर मिलिलिटर कडुनिंबाचे तेल एवढ्या वस्तू होत्या. संच चांगला की वाईट, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या लायकीची निघाली.

सापळ्याची घडण उत्तम आहे. पारदर्शक डबा, वर पिवळे झाकण, बाजूला माशी आत शिरेल पण सहजी बाहेर पडणार नाही अशी निमुळती भोके आणि मध्ये तारेला टांगलेली ल्यूरची वडी, अशी ही साधी रचना उन्हात तीन महिने राहूनही तडकली नाही. टांगल्यानंतर आठवड्याभरातच तळाशी माशांचा खच पडला आणि मी समाधानाने शेजाऱ्यांना बोलावून तो दाखवलाही. मात्र मांडवावरची कारली पूर्वीसारखीच सडत होती. सालीवर सुईने टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंकासारखा थेंब, त्या जागी फळाला आलेला बाक आणि चिरल्यावर आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या, ही फळमाशीची खूण एकदा ओळखली की विसरता येत नाही. सापळा भरतो आहे आणि फळेही सडत आहेत, या कोड्याचे उत्तर वडीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले होते : मिथाइल युजेनॉल.

हे आमिष आंबा, पेरू यांच्या फळमाशीसाठी आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा आंबा बागांतला प्रसिद्ध रक्षक सापळा याच द्रव्यावर चालतो. काकडीवर्गीय वेलींना छळणारी माशी वेगळ्या जातीची असून तिचा नर क्यू-ल्यूर नावाच्या दुसऱ्याच आमिषाकडे येतो. आमच्या इमारतीमागे दोन जुने आंबे आणि एक पेरू आहे, तेव्हा माझा सापळा महिनाभर त्या झाडांच्या सेवेत होता, असेच म्हणावे लागेल. पकडलेल्या माशा भिंगाखाली पाहिल्यावर खात्री पटली. आंब्यावरच्या माशीची पाठ काळपट आणि तिच्यावर दोन पिवळे पट्टे असतात, तर वेलींवरची माशी तांबूस असून तिच्या पाठीवर तीन पिवळे पट्टे आणि पंखांवर तपकिरी डाग दिसतात. दुकानात विचारले तेव्हा ‘फळमाशी ती फळमाशीच’ असे उत्तर मिळाले. संचाच्या खोक्यावर दुधी आणि कारल्याची चित्रे छापून आत आंब्याचे ल्यूर घालणे ही माझ्या मते या खरेदीतली सर्वांत मोठी त्रुटी आहे.

योग्य ल्यूर दुसरीकडून साठ रुपयांना आणून बसवल्यावर फरक पडला, पण खोक्यावर लिहिल्याप्रमाणे ‘संपूर्ण संरक्षण’ मिळाले नाही, आणि ते का मिळत नाही हेही समजून घेण्यासारखे आहे. हे आमिष केवळ नरांना ओढते. शेतात एकरभर जागोजागी सापळे लावले की नर कमी होतात, माद्यांना जोडीदार मिळत नाही आणि पुढची पिढी घटते. गच्चीवर मात्र अन्यत्र समागम होऊन गेलेली मादी थेट उडत येते आणि सापळ्याकडे न बघता कोवळ्या फळात अंडी घालते. म्हणून सापळ्याच्या जोडीला आणखी दोन कामे करावी लागली. फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांत त्यावर जुन्या मलमलीची सैल पिशवी बांधणे हे पहिले. टोचलेली फळे खतात न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवणे हे दुसरे, कारण अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि कुंडीतली माती तिला आयतीच सापडते. सापळा मांडवात न टांगता गच्चीच्या विरुद्ध टोकाला टांगावा, म्हणजे आमिषाने ओढलेले नर वेलींपासून दूर राहतात. ल्यूर दीड-दोन महिन्यांनी बदलावे लागते.

एवढे सगळे करूनही दोडक्याची फळे गळतच राहिली, आणि या फळांवर टोचल्याची खूण नव्हती. ती टोकाकडून पिवळी पडत, आक्रसत आणि चिरली तर आत अळीही नसे. हे माशीचे काम नव्हते. त्या फुलांचे परागीभवनच झाले नव्हते. संचाच्या माहितीपत्रकात या शब्दाचा उल्लेखही नाही, वास्तविक गच्चीवरच्या बागेत फळगळीचे हे कारण माशीइतकेच मोठे आहे. वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ आधीच असते, परंतु नरफुलाचा पराग तिथवर पोहोचला नाही तर ते वाढत नाही. उष्णता वाढते आणि दिवस मोठा होतो तशी या वेलींना नरफुले जास्त आणि मादी फुले कमी येतात, हा उन्हाळ्याचा आणखी एक जाच. त्यात आमच्या इमारतीच्या कठड्याखालचे आग्या मोहोळ गेल्या वर्षी उठवले गेले. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या चौथ्या मजल्यापर्यंत येतात, पण मोजक्याच.

हाताने परागीभवन करण्याचा प्रयत्न मी पूर्वीही केला होता आणि तो फसला होता, कारण मी सगळ्या वेलींसाठी सकाळी सातची एकच वेळ धरली होती. काकडी, कारले, तांबडा भोपळा आणि घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात, त्यामुळे तिथे ती वेळ बरोबर ठरते. दोडक्याचे पिवळे फूल मात्र संध्याकाळी उमलते आणि दुधीचे पांढरे फूलही दिवस कलल्यावरच उघडते, कारण त्याच्याकडे रात्री पतंग येतात. घोसाळे आणि दोडका ही इतकी जवळची भावंडे असून त्यांच्या वेळा अशा उलट आहेत, याची मला मौज वाटते. एप्रिलपासून मी रोज संध्याकाळी साडेसहाला गच्चीवर जाऊन ताजे नरफूल तोडतो, त्याच्या पाकळ्या काढतो आणि आतला परागदांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर अलगद फिरवतो. एका नरफुलात दोन-तीन मादी फुलांचे काम होते. ज्या फुलांना असा हात लागला, त्यांतली बहुतेक फळे धरली. या कामाला एक पैसा लागला नाही आणि फरक मात्र संचातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा अधिक दिसला.

चिकट कार्डांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांवर पांढरी माशी आणि मावा अडकतो, आणि भेंडीवरचा हळद्या रोग पांढरी माशीच पसरवत असल्याने भेंडीच्या कुंडीजवळ एक कार्ड असणे उपयोगी आहे. पण पिवळा रंग मित्रकीटकांनाही ओढतो. वेल फुलावर असताना कार्डावर दोन फुलोरी माश्या चिकटलेल्या पाहिल्यावर मी मांडवाजवळची कार्डे काढून टाकली.

कडुनिंबाचे तेल दर्जेदार आहे, वासावरूनच ते कळते, परंतु बाटलीवर फवारणीची वेळ दिलेली नाही. मी पहिल्यांदा लिटरला पाच मिलिलिटर तेल आणि थोडे साबणाचे पाणी असे मिश्रण सकाळी दहाला फवारले आणि दुपारपर्यंत काकडीची पाने कडेने भाजली. कडक उन्हात तेल पाने जाळते, शिवाय अझाडिरॅक्टिन हे निंबातले कीडनाशक द्रव्य उन्हात लवकर निकामी होते. फवारणी ऊन उतरल्यावर, उमललेली फुले टाळून आणि आधी एखाद्या पानावर चाचणी घेऊनच करावी. दोडका आणि दुधीवर तर संध्याकाळी फुले उघडण्याआधी, साडेचार-पाचच्या सुमारास सावली आल्यावर ती उरकावी लागते.

पाच गुणांपैकी सापळ्याच्या डब्याला साडेचार, तेलाला तीन, कार्डांना दोन आणि माहितीपत्रकाला शून्य, असा माझा हिशेब आहे. पुढच्या फेब्रुवारीत मी पूर्ण संच घेणार नाही. डबा धुऊन ठेवलेला आहे, त्यामुळे ल्यूर तेवढे सुटे आणीन आणि मागताना ‘क्यू-ल्यूर’ हे नाव चिठ्ठीवर लिहून नेईन.