विमानाचं अंतर-वेळ सांगणारं ॲप, सात महिने वापरल्यावर

लेक अमेरिकेत न्यू जर्सीत, न्यूयॉर्कजवळ असते, त्यामुळं दसऱ्यापासून हे ॲप मोबाईलवर आहे. दोन शहरांची नावं टाकायची की अंतर, विमानाचे तास आणि दोन्हीकडचं घड्याळ दिसतं. अंतर बरोबर सांगतंय, मुंबई ते न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किमी, त्यात शंका नाही. तासांच्या आकड्यावर मात्र तिकीट-बिकीट, औषधं काही ठरवू नका, आम्ही ठरवलं आणि त्रास झाला.

पहिल्यांदा मी आमचं सोलापूर ते न्यूयॉर्क टाकलं तर १२,८०० च्या आसपास किमी आणि साडेचौदा तास आले. आमच्या होटगी रोडच्या विमानतळावरनं तिकडं विमान नाही, तरी आकडा येतो, कारण ॲप फक्त पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर काढतं, ताशी ९०० किमीच्या हिशोबानं भागतं आणि चढ-उतरायला थोडा वेळ धरतं.

मी तेच साडेचौदा तास धरून वडिलांच्या शुगरच्या गोळ्यांचं आणि खाण्याचं टाईमटेबल केलं. जानेवारीत रात्री घरनं गाडी करून निघालो, पहाटे मुंबई, विमानतळावर चार तास, मग विमानातच सोळा तासांच्या वर गेले. जवळचा रस्ता पाकिस्तानावरनं जातो आणि त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये आपल्या कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली, म्हणून आधी अरबी समुद्रावरनं वळसा, त्यात दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडनं येणारं वारं, जेट स्ट्रीम म्हणतात ते, हिवाळ्यात लई जोरात असतंय आणि जाताना ते समोरनं येतं. घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात पोचेपर्यंत ३१ तास. वडील काही बोलले नाहीत पण चेहरा पार उतरला होता, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती म्हणून निभावलं.

फेब्रुवारीच्या शेवटी परत येताना तेच वारं पाठीमागनं, साडेचौदा तासांत मुंबई. ॲप जायला-यायला एकच आकडा दाखवतं, ही मोठी उणीव आहे, निदान खाली एक ओळ तरी द्यायला पाहिजे. म्हातारी माणसं सोबत असतील तर तिकिटावरची वेळ बघा, तीच खरी, आणि सोलापूर-मुंबईचे सात-आठ तास त्यात धरा.

घड्याळासाठी मात्र पैकीच्या पैकी मार्क. आम्ही रोज सकाळी साडेसहाला फोन करायचो, तिकडं रात्रीचे आठ, नातू जागा असायचा. ८ मार्चला त्यांनी घड्याळ एक तास पुढं केलं, फरक साडेदहाचा साडेनऊ झाला, ॲपनं ते आपोआप धरलं आणि मला लगेच दिसलं की आता आपल्या साडेसहाला तिकडं नऊ वाजतात, पोरगं झोपलेलं असणार. तेव्हापासून वडील साडेपाचलाच अंघोळ करून फोन घेऊन बसतात.