ब्रायर पाइपचं किट: लाकूड अव्वल, भोक मात्र वर

तंबाखू ओढायचा पाइप ब्रायर नावाच्या लाकडातून घरीच घडवायच्या, मागच्या दिवाळीत मागवलेल्या या किटला पहिल्याच महिन्यात एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. आता तीन देतोय.

किटमध्ये येतं ते एवढंच: भोकं पाडून आलेला लाकडी ठोकळा, त्यात बसणारी एबोनाइटची (गंधक घालून कडक केलेल्या रबराची) नळी, आकार आपण द्यायचा. अडीच हजार मोजायचे ते त्या भोकांसाठीच, कारण साध्या हातड्रिलवर ते काम सरळ होत नाही. धुराची ४ मिलिमीटरची वाट तंबाखू भरायच्या वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध उघडायला हवी. माझ्या ठोकळ्यात ती ३ मिलिमीटर वर उघडते. साफ करायची तार नळीतून सारली की टोक तळाला न टेकता अधांतरी बाहेर येतं. परिणाम? खालची तंबाखू पेटतच नाही, ओलसर लगदा होतो, शेवटचे झुरके कडूजहर लागतात आणि दर वेळी चिमूटभर तंबाखू फेकावी लागते. पैसे पडतात हो तिला!

विक्रेत्याला पट्टी लावून फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘लाकूड नैसर्गिक आहे, थोडा फरक पडतोच.’ अहो, रेषांत फरक पडेल, भोक तुमच्या मशीननं पाडलंय! वर नियम असा की कानस लागली की माल परत नाही. कानस लावल्याशिवाय या किटचा उपयोग तरी काय?

शेवटी चोपड्याच्या नानांना दाखवलं, जन्म सुतारकामात गेलेला माणूस. म्हणाले, “भोक काई खाले जात नही, भो. तय वर लई ये.” म्हणजे भोक खाली नेता येत नाही, तळच वर आण. बारीक चाळलेली राख पाण्यात घट्ट कालवली, भोकात तार ठेवून तळाशी थापली, वाळू दिली. आता तंबाखू शेवटपर्यंत जळते. खरवडताना लेप सुटतो, तेव्हा पुन्हा थापायचा.

स्टार वाढले ते मात्र लाकडामुळे. आधीचा शिसवीचा पाइप एका उन्हाळ्यात काठाला तडकला होता. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाची मुळाजवळची गाठ. ती उकळून, मग महिनोन् महिने सावकाश वाळवतात. धागे एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे सरळ चीर धरत नाही. जळगावचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास, तरी एक रेघ उमटली नाही. ६०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून ओलं बोट लावलं, तर बाजूला लाकडाच्या रेषांचे बारीक गोल डोळे चमकले. बराच वेळ नुसता बघत बसलो. वर कार्नोबा मेण पुरे, व्हार्निश नको, तापलं की फुगतं.

नळी उन्हात ठेवू नका. माझी खिडकीत पिवळट-हिरवी पडली आणि तोंडाला गंधकासारखी चव यायला लागली. बारीक ओल्या पेपरनं घासून काळी केली.

घेणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी तार घातलेला फोटो मागावा, आणि तार तळाला टेकलेली दिसली तरच घ्यावं. मी पुढचा ठोकळा बिनभोकाचा घेणार. स्वस्त पडतो, आणि नानांकडे ड्रिलचा स्टँड आहे.