शेतावर राबून राहायचं: वूफ की वर्कअवे?

वूफ (WWOOF) आणि वर्कअवे (Workaway) ही प्रवाशांना यजमानांशी जोडून देणारी दोन जाळी; वर्गणी भरून तिथे यजमान शोधायचा. काही तास काम, बदल्यात जेवण आणि निवारा. सौदा दोन्हीकडे तोच.

वूफ १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालं आणि सेंद्रिय शेतीपुरतंच राहिलं. काम दिवसाला साधारण ४ ते ६ तास. बहुतेक देशांची संस्था वेगळी, त्यामुळे दोन देश फिरायचे तर सहसा दोन वर्गण्या. वर्कअवेची एकच वर्गणी सगळीकडे चालते. अपेक्षा दिवसाला ५ तास, आठवड्याला ५ दिवस. पण तिथे हॉस्टेल, रंगकाम, मुलं सांभाळणं असं सगळंच येतं. ‘शेतावर मदत’ वाचून गेलात आणि हातात पाहुण्यांच्या चादरी आल्या, असं होऊ शकतं.

शिकायला वूफ सरस. कंपोस्टचंच बघा: मूठभर माल पिळला की एक-दोन थेंबच गळावेत. घाण वास सुटला तर ओलं जास्त झालंय. वाळका पाला मिसळून ढीग उलथायचा. हे हातात बसायला निदान तीन आठवडे हवेत.

बिनसतं ते बहुधा न ठरवलेल्या गोष्टींवरून. तास, सुट्टी, खोली की तंबू, सुट्टीच्या दिवशीचं जेवण, हे आधीच लेखी विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा. व्हिसाचा प्रश्न दोन्हीपैकी कुणीच सोडवत नाही: बऱ्याच देशांत हे ‘काम’च धरतात आणि पर्यटक व्हिसावर विमानतळावरूनच परत पाठवू शकतात.

एका देशात महिनाभर राहून माती शिकायची असेल तर वूफ. चार देश स्वस्तात फिरायचे आणि काम कुठलंही चालणार असेल तर वर्कअवे.