नसेच्या दुखण्यासाठी घरचं टेन्स मशीन: काय मिळतं, कुणाला उपयोगी पडतं

कमरेतून पायात उतरणारी कळ, साखरेमुळे रात्री तळपायांची होणारी आग, नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने बरगडीवर राहणारा चटका. या दुखण्यांसाठी सांगली-मिरजेच्या सर्जिकल दुकानांत मागितलं की खिशात मावणारं टेन्स मशीन, म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून विजेचा हलका प्रवाह देणारं यंत्र, समोर येतं. हे परीक्षण ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या, दोन चॅनेलच्या (म्हणजे पॅडच्या दोन जोड्या चालवणाऱ्या), वर प्रवाह कमी-जास्त करायची दोन चाकं असलेल्या साध्या मॉडेलचं आहे. पेटीत मशीन, दोन वायरी आणि चार पॅड येतात. यंत्र घेण्याजोगं आहे. पण वापरणाऱ्याचा स्वभाव ओळखून वापरलं नाही तर ते महिनाभरात कपाटात जातं.

आधी अपेक्षा नीट ठेवा. वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांतावर हे यंत्र आधारलेलं आहे. स्पर्शाच्या जाड नसांना झिणझिण्या दिल्या की पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश मंदावतो. आराम मिळतो तो मुख्यतः मशीन चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ. ‘दबलेली नस मोकळी होते’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नसेच्या दुखण्यावरच्या टेन्सच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला, तेव्हा पुराव्याचा दर्जा फार कमी आढळला. काहींना चांगला गुण येतो, काहींना अजिबात नाही. म्हणून विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा लावून बघणं शहाणपणाचं. प्रीगॅबॅलिन किंवा गॅबापेंटिन ही नसेच्या दुखण्याची औषधं चालू असतील तर मशीन आलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही.

झाकणाखालच्या बटणांनी घाबरून जाऊ नका. सुरुवातीला वारंवारता ८० ते १०० हर्ट्झ, ठोक्याची रुंदी १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास आणि टायमर ३० मिनिटांवर ठेवा. चाक शून्यावर असतानाच पॅड चिकटवा, मग सावकाश वाढवा. झिणझिण्या ठळक जाणवल्या पाहिजेत, पण टोचता कामा नये आणि स्नायू उडता कामा नये. दहा मिनिटांनी जाणीव कमी झाली तर किंचित वाढवा. रोज तीच मांडणी ठेवली तर शरीर सरावतं, म्हणून मधूनमधून ‘मॉड्युलेशन’वर, म्हणजे ठोके आपोआप बदलत राहणाऱ्या मांडणीवर, टाका. काढताना आधी चाक शून्यावर, मगच पॅडला हात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पॅडचं. आपल्याकडे दुखऱ्या जागी आधी तेल किंवा बाम चोळायची सवय असते. त्यावर पॅड चिकटत नाही, कडा उचलल्या जातात, सगळा प्रवाह उरलेल्या छोट्या जागेतून जातो आणि चटका बसतो. बामाने हुळहुळलेल्या कातडीवर तर लालसर डाग उठतो. जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. केस असतील तर कात्रीने कापा, त्याच वेळी वस्तरा फिरवू नका. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये घामाने पॅड सरकतात, तेव्हा पंख्याखाली बसूनच लावा. वापर झाला की पॅड मूळच्या प्लॅस्टिकवर चिकटवून बंद पिशवीत ठेवा. सुकले तर पाण्याचा एक थेंब बोटाने पसरवा. एक चॅनेल मेल्यासारखं वाटलं तर वायरींची अदलाबदल करून बघा. वायर बहुधा पिनेच्या मानेपाशी तुटते, मशीन ठीक असतं.

नागिणीनंतर कातडीला कापड लागलं तरी आग होते, तिथे थेट पॅड नको. शेजारच्या, नीट स्पर्श कळणाऱ्या कातडीवर लावा. साखरेने बधिर झालेल्या पावलावरही नको, कारण भाजलं तरी कळणार नाही. कापूस आणि टूथपिकची बोथट बाजू लावून फरक कळतो का, ते आधी तपासा. पेसमेकर असेल तर वापरू नका. मानेच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर, जखमेवर आणि गरोदरपणी पोटावर लावू नका. फिट येत असतील किंवा दुखणं चेहऱ्याच्या नसेचं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. अंघोळ, झोप आणि गाडी चालवणं, तिन्ही वेळी मशीन बंद.

आता स्वभावाचं. कामाचा झपाटा असलेला माणूस कळ जरा थांबली की तासगावच्या बागेत फळछाटणीला उभा राहतो, दिवसभराचं काम ओढतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळतो. अशांनी मशीनचा टायमर कामाला लावावा. ३० मिनिटांनी मशीन बंद पडलं की कात्री खाली ठेवायची आणि १० मिनिटं बसायचं, दुखत नसलं तरी. सोसणारा माणूस उलटा. तो कळ असह्य होईपर्यंत मशीन कपाटातून बाहेर काढतच नाही, आणि तेव्हा गुण येणं अवघड होतं. त्याने एसटीच्या प्रवासाआधी किंवा झोपण्याच्या तासभर आधी, म्हणजे दुखणं चढायच्या आतच लावावं. या माणसाला घरच्यांनी आठवण करून द्यावी लागते. तो स्वतः मागणार नाही.

काळजी करणाऱ्यांसाठी सगळ्यात जपून सांगावं लागतं. दुखण्याचाच विचार घोळवत राहणं, ते मोठं करून बघणं आणि आपल्या हातात काही नाही असं वाटणं, या तीन गोष्टी मोजणारी १३ प्रश्नांची एक मान्य मोजपट्टी १९९५ पासून आहे. म्हणजे ताणाने दुखणं वाढतं हे डॉक्टरही गांभीर्याने घेतात, ते ‘मनाचे खेळ’ नव्हेत. अशी व्यक्ती दर दोन मिनिटांनी ‘कमी झालं का’ बघते आणि चाक फिरवत राहते. त्यांनी आकडा दोनदाच लिहावा, ० ते १० मध्ये: लावण्याआधी आणि संपल्यावर अर्ध्या तासाने. मधल्या वेळात श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. झोप तुटकी असेल तर तिचा इलाज वेगळा करावा लागतो, या यंत्राने ती सुधारेल असं धरू नका.

आमच्या मते पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण चाकाच्या सुरुवातीच्या झटक्यासाठी गेला: शून्यातून सुटताना प्रवाह एकदम उसळतो आणि म्हातारी माणसं दचकतात. बॅटरीचं झाकणही नाजूक आहे. उरलेला गुण मराठी माहितीपत्रक नसल्याबद्दल. दुकानात बारा-पंधरा मोडचं, मसाज करणारं मशीन पुढे केलं तर नको म्हणा. ते स्नायू आवळतं, नसेच्या कळेला त्याचा उपयोग नाही. काउंटरवरच बॅटरी घालून हातावर दोन्ही चॅनेल चालवून बघा, पक्कं बिल घ्या आणि २ मिलिमीटर पिनेचे सुटे पॅड त्याच दुकानात मिळतात का, ते विचारा. मिळत नसतील तर दुसरं दुकान गाठा.